तोकुजीचे मुके वाघ

जाड हातमोजे घालून तोकुजीने भट्टीतून मातीचा पहिला वाघ बाहेर काढला, कानाशी धरून हलवला. आवाज नाही. दुसरा हलवला, तिसरा हलवला. वाघाच्या आकाराची एकही घंटा वाजेना!

म्हाताऱ्याने वाघ खाली ठेवला. घंटेच्या पोटात घालायची गोळी आधी कागदात गुंडाळायची असते, नाहीतर ती ओल्या मातीला चिकटून बसते. भट्टीत कागद जळतो नि गोळी मोकळी होते. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि आपण कागदच विसरलो?

नवं वर्ष परवावर आलेलं, तेही जपानी बारा प्राण्यांच्या चक्रातलं वाघाचं. घरोघरची माणसं देवळातून हीच घंटा नेऊन दाराला टांगणार, तिच्या आवाजाने इडापिडा बाहेर राहावी म्हणून. नव्या घंटा घडवून वाळवायला आता वेळ कुठला!

"म्हातारचळ लागला रे तुला, तोकुजी," तो स्वतःवरच करवादला.

तेवढ्यात सून हात्सुए चहा घेऊन आली. तिच्यावर त्याचा आधीच राग. हल्ली ती तोंडातल्या तोंडात बोलते, अशी त्याची तक्रार होती. आताही ती काहीतरी बोललीच.

"काय पुटपुटतेस? नीट बोल की!"

ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "मामंजी, किती वाजवताय! पुलापर्यंत ऐकू येतंय!"

"थट्टा करतेस होय गं म्हाताऱ्याची? मुक्या आहेत सगळ्या!"

हात्सुएला एकदम उलगडा झाला. मग तिने त्याचा हातमोजा ओढून काढला, एक कोमट वाघ उघड्या तळहातावर ठेवला आणि त्याचा हात धरून हलवला. आत गोळी टकटक आपटत होती. हाताला अगदी स्वच्छ कळत होती.

तोकुजीचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांतून पाणी आलं नि हसूही फुटलं.

"म्हणजे नुसते कान गेले होय माझे? अगं, मला वाटलं घंटाच गेल्या!"

"कानांचं वाईट नाही वाटत?" तिने ओरडून विचारलं.

"वाटेल सावकाश. आधी देवळाचं काम." मग त्याला काहीतरी आठवलं. "इतके महिने तू मला काय काय बोलत होतीस गं?"

"चांगलंच बोलत होते," हात्सुए म्हणाली आणि पुन्हा कानाशी वाकली, "थोडं वाईटही!"

तोकुजी खो खो हसला. दुसरा हातमोजाही त्याने काढून टाकला आणि पुढचा वाघ तळहातावर घेतला.