सासऱ्यांच्या मेंदूतला चौथा मास्क

माझ्या सासऱ्यांनी स्वतःचं डोकं मला आपण होऊन देऊ केलं. "तसंही रिकामंच पडून असतं," म्हणाले.

मी एमआरआय शिकवायचं सॉफ्टवेअर बनवते आणि त्यावर वर्गही घेते. त्यात यंत्र खोटं आणि आतला मेंदूही खोटा. मुलं सेटिंग बदलून बदलून त्याचे फोटो काढतात. चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. हा मेंदू, आमच्या भाषेत फँटम, खऱ्या माणसाच्या स्कॅनवरून बनतो. करड्या भागाचा एक मास्क, म्हणजे त्या भागाची आखलेली हद्द, पांढऱ्याचा दुसरा, पाण्याचा तिसरा. नकाशात मुलूख रंगवावेत तसंच. ज्याला जो मास्क, तसा तो फोटोत दिसणार.

गेल्या वर्षी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, अर्धांगवायूचा झटका आला. घाईत काढलेल्या पहिल्या फोटोत तो कुणाला दिसलाच नाही, घरी पाठवलं. पुन्हा नेईपर्यंत उजवा हात बधिर झाला होता. त्याचा डाग अजून पांढऱ्या भागात आहे. प्रोग्रॅमनं तो परस्पर करड्यात ढकलला, आणि खोट्या फोटोत बाबांचा मेंदू एकदम ठणठणीत!

बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. "बघ, बरा झालो की मी!"

"कसले बरे? प्रोग्रॅमनं माती खाल्लीय. डागाला वेगळा, चौथा मास्क लागेल."

त्यांचा चेहरा उतरला. "राहू दे ना गं. निदान तुझ्या कॉम्प्युटरात तरी मला धडधाकट राहू दे."

मी तशी तिरसट बाई, घरात माझ्या तोंडी कुणी लागत नाही. पण या माणसावर माझा फार जीव आहे. मी म्हटलं, "बरं. मी दुसऱ्या कुणाचं तरी स्कॅन शोधते."

"का? माझ्यात काय वाईट आहे?"

"बिनडागाचे मेंदू माझ्याकडे पोत्यानं पडलेत, बाबा. मुलं रोज तेच बघतात. मग खरा डाग समोर आला, तरी नजर पुढे निघून जाते."

ते उठले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, परत आले.

"म्हणजे माझ्या वेळी झालं तसं."

मी मान डोलावली.

"मग कर तो मास्क. आणि नीट कर, तुझं काम म्हणजे नुसतं उरकणं."

हा टोमणा दुसऱ्या कुणी मारला असता तर त्याची धडगत नव्हती. मी स्कॅनचा एकेक काप उघडून डागाची कड आखली. बाबा चष्मा चढवून "अजून खाली, अजून खाली" करत होते, निम्म्या वेळा चूक. शेवटी फोटो काढला. डाग लख्ख उजळला.

बाबा स्क्रीनजवळ वाकले. "एवढासाच आहे की," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटतो न सुटतो तोच त्यांचा फोन. "सापडला का?"

"सगळ्यांना. एक मुलगी तर विचारत होती, इतका ढळढळीत डाग कुणाच्या नजरेतून सुटेलच कसा?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तेव्हा तू नव्हतीस ना."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "शिकव, शिकव. ठेवतो मी."