बिल्ल्यामागं गेलेलं नाव

सोडतीत आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं आणि दिवस मावळायच्या आत अर्ध्या गावानं माझ्या भावाचं अभिनंदन केलं. भाऊ म्हणजे विश्वजीत, माझा दादा. तो बाई नाही. ही गोष्ट मी दोघा-तिघांच्या लक्षात आणून दिली तर ते म्हणाले, मोनाली, तू लई विनोदी हायस.

मी विनोद केला नव्हता. माझं हे नेहमीचं दुखणं आहे. मी चिडून काही बोलले की लोक हसतात. म्हणून मी हल्ली चिडले की बोलत नाही, दुकानात जाऊन मशीन चालवते. माझ्या धंद्याची भरभराट त्यामुळंच आहे.

शिरूरला एसटी स्टँडच्या मागं माझं बिल्ल्यांचं दुकान आहे. शाळेचे बिल्ले, कंपन्यांच्या सुरक्षा सप्ताहाचे बिल्ले, लग्नात 'वरपक्ष' म्हणून छातीवर झळकायचे बिल्ले. गोल पत्रा, त्यावर छापलेला कागद, त्यावर पारदर्शक फिल्म, मग मशीनचं हँडल दाबायचं. खट् आवाज येतो, कागदाची कड मागं वळते आणि पिन बसते. निवडणूक आली की खट् खट् दिवसभर चालतं.

तर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओसरीवर चार माणसं बसवून ठरवलं की आपल्या पॅनलकडून सुलक्षणा उभी राहील. सुलक्षणा म्हणजे दादाची बायको, माझी वहिनी. ती तेव्हा आत त्याच चार माणसांसाठी चहा गाळत होती. तिला कुणी आत येऊन सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी डेअरीवर दूध घालायला गेली तेव्हा माप घेणारा म्हणाला, "काय सरपंचबाई, फॅट कमी लागलंय आज." तिथं तिला कळलं.

मला वाटलं ती रडेल किंवा नाही म्हणेल. ती दुकानात येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मोना, वस्तीपासनं डेअरीपर्यंत दिवे लावायचे. पयलं काम तेच."

हे मात्र कळण्यासारखं होतं. आमच्याकडं उसात बिबट्या असतो. पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन त्या रस्त्यानं बायकाच जातात, पुरुष उजाडल्यावर दुधाचा पगार आणायला जातात. बिबट्यालाही आता वेळापत्रक पाठ झालंय. वहिनी दौंडची, रेल्वे क्वार्टरमधली. तिथं रात्रभर यार्डात दिवे जळायचे. लग्न होऊन आली तेव्हा तिला सगळ्यात आधी अंधाराची सवय करून घ्यावी लागली होती, मग सासऱ्याची.

तिची अट एकच होती. उभी राहते, पण बिल्ल्यावर फोटो माझा पाहिजे.

जेवणं झाल्यावर दादानं हे आबांपुढं मांडलं. हसत मांडलं, म्हणजे आपण त्यात नाही असं दिसावं. आबांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "घरची सून गावभरच्या गड्यांच्या छातीवर? शोभतं का?"

वहिनी दारात उभी होती. म्हणाली, "आबा, मतं बी त्याच गड्यांची मागायचीत ना."

"मत गुप्त असतं," आबा म्हणाले. "बिल्ला दिसतो."

गेली कित्येक वर्षं आबांनी असल्याच वाक्यांच्या ताकदीवर राजकारण केलंय. मी म्हणाले की मग बायकांसाठी वहिनीच्या फोटोचे वेगळे बिल्ले काढू. तर दादा म्हणाला, बायका बिल्ला कुठं लावतात, पदर असतो. म्हणजे गड्यांनी लावला तर शोभत नाही आणि बायकांनी लावला तर दिसत नाही. वहिनीच्या तोंडासाठी अख्ख्या गावात छातीच शिल्लक नव्हती.

शेवटी डिझाइन दादानंच फ्लेक्सवाल्याकडून करून आणलं. मधोमध दादा, गॉगल लावलेला, एक हात वर केलेला. बाजूला कपबशी, ती निशाणी. आणि अगदी खाली, काठाला लागून, मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरात: सौ. सुलक्षणा.

मी पहिला बिल्ला दाबला. खट्. नाव गायब.

गोलाच्या काठाला जे छापलेलं असतं ते दाबल्यावर मागं वळतं, पत्र्याच्या आत जातं. म्हणून धंद्यात आम्ही कडेला काही छापत नाही. मी दादाला फोन करून सांगितलं की नाव मागं चाललंय, फोटो जरा लहान कर. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं, लोकांना कळतंय."

खरंच लोकांना कळत होतं. तेच तर दुखणं होतं.

त्या दिवशी वहिनी दुकानातच होती. तिनं एक बिल्ला उलटा केला आणि नखानं वळलेली कड उचकटून बघितली. आत 'सुल' एवढं दिसलं. तिनं कड परत दाबून टाकली. मग तिचं लक्ष माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात टोचलेल्या जुन्या बिल्ल्याकडं गेलं आणि तिनं विचारलं, "ह्यो कसला?"

तो बिल्ला मला तिच्याच माहेरी मिळाला होता. दौंडच्या बाजारात एक भंगारवाला पत्र्याच्या डब्यात रेल्वेच्या कोटाची पितळी बटणं विकत होता, त्यात तो निघाला. अमेरिकेतला, निवडणुकीचा. तिथून दौंडला कसा आला देव जाणे. युद्धाच्या काळात कुठला तरी गोरा शिपाई उतरला असेल आणि खिशातून पडला असेल. त्यावर तोंड नाही, नुसती अक्षरं. त्याचा अर्थ लावता लावता मी त्या बिल्ल्यांचा सगळा इतिहास वाचून काढला होता. गिऱ्हाईक नसतं तेव्हा माणूस काहीही वाचतो.

मशीन चालवता चालवता मी वहिनीला सांगत गेले. अमेरिकेत पहिला अध्यक्ष शपथ घ्यायला उभा राहिला तेव्हा लोकांनी त्याच्या नावाची पितळी बटणं कोटाला शिवून घेतली होती. खरीखुरी बटणं, काज्यात घालायची. म्हणून तिकडं बिल्ल्याला अजून बटणच म्हणतात. मग लिंकनच्या वेळेपर्यंत फोटो काढायची कला आली आणि पत्र्याच्या इवल्या तुकड्यावर उमेदवाराचं तोंड उमटायला लागलं. शंभर-सव्वाशे वर्षांमागं आत्ता माझ्यासमोर आहे तसला, पत्र्याचा, वर फिल्म आणि मागं पिन असलेला बिल्ला निघाला, आणि तो इतका स्वस्त पडला की एका निवडणुकीत लाखांनी वाटला. आणि हे ऐक वहिनी, मी म्हणाले, त्या मागं वळलेल्या कडेवर ते बारीक अक्षरात बिल्ला बनवणाऱ्या कारखान्याचं नाव छापायचे. मतदारानं बघायचं नसतं ते तिथं. आपण तिथं उमेदवार छापलाय.

ती हसली नाही. म्हणाली, "आन् ह्याच्यावर काय लिवलंय?"

"आम्हाला एलिनोर पण नको."

एलिनोर कोण, तर अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट, त्याची बायको. रूझवेल्ट तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा विरोधकांनी त्याच्यावर नाना तऱ्हेचे टोमण्याचे बिल्ले काढले, आणि एक त्याच्या बायकोवरही काढला. कारण ती गप्प बसायची नाही. गावोगाव फिरायची, पेपरात लिहायची, खाणीत उतरायची. नवरा तर नकोच, पण ही बाईसुद्धा नको.

वहिनी तो बिल्ला हातात घेऊन बसली. म्हणाली, "उभी बी न्हवती, तरी तिचं नाव टाकलं व्हय."

मी मशीन चालवत राहिले. दादाचा गॉगल एकामागून एक बाहेर पडत राहिला. मनात आलं, बिल्ल्यांच्या इतिहासात आधी नाव आलं, मग तोंड आलं, मग शिवी आली. आमच्या वहिनीला अजून शिवी खाण्याइतकीसुद्धा बढती मिळालेली नाही.

समोरच्या पॅनलची ऑर्डरही माझ्याकडंच होती, कारण तालुक्यात असलं मशीन दुसऱ्या कुणाकडं नाही. त्यांच्या उमेदवार मालनबाई, पासष्टीच्या. त्यांच्या बिल्ल्यावर त्यांचे यजमान हौसराव होते, फोटोला हार घातलेला, कारण हौसराव वारून बरीच वर्षं झाली होती. म्हणजे लढत दोन बायकांची, बिल्ल्यांवर पुरुष दोन, आणि त्यातला एक हयात नाही. खरं सांगायचं तर हौसरावांचं पारडं जड होतं. त्यांनी निवडून आल्यावर काही केलं नसतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

बिल्ले न्यायला मालनबाई स्वतः आल्या. पिशवीतून एक काढून डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "जित्तेपनी चहात साखर किती म्हनून कवा इचारलं न्हाई यानं. आता माझ्यासाठी मतं मागतोय."

वहिनी तिथंच होती. दोघी विरोधी उमेदवार माझ्या दुकानात समोरासमोर बसून चहा प्यायल्या आणि बिबट्यावर बोलल्या. मालनबाईंचं वासरू नेलं होतं त्यानं. दिव्यांवर दोघींचं एका मिनिटात एकमत झालं. दोन्ही पॅनलच्या जाहीरनाम्यात मात्र दिवे नव्हते. दोन्हीकडं गावाच्या वेशीला स्वागत कमान होती.

वहिनी निवडून आली. गुलाल उधळला, डीजे लागला, जेसीबीच्या सोंडेतून दादावर फुलं ओतली. त्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं. वहिनीला कुणी खांद्यावर घेणं शोभलं नसतं हे मलाही मान्य आहे, पण तिला कुणी अंगणातसुद्धा घेतलं नाही. ती आत पाहुण्यांच्या पंगती वाढत होती. दारावरून मिरवणूक गेली तेव्हा तिनं खिडकीतून बघितलं आणि मला विचारलं, "मोना, कोण निवडून आलंय?"

मी म्हणाले, नाव मागं वळलंय, दिसत नाही.

त्यानंतर दादा रोज ग्रामपंचायतीत जाऊन बसायला लागला. खुर्ची त्याची, शिक्का त्याच्या खिशात, सही तेवढी वहिनीची. त्यासाठी शिपाई कागद घेऊन गोठ्यात यायचा. पहिल्या ग्रामसभेचा विषय कमान असा ठरला. वहिनीनं घरी दिव्यांचं काढलं तर दादा म्हणाला, बिबट्या काय मतदार हाय का? आणि या वाक्यावर तो स्वतःच इतका खूश झाला की दिवसभर ते चार ठिकाणी बोलून आला.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनी दुकानात आली. सोबत मालनबाई होत्या. वहिनीनं एलिनोरचा बिल्ला टेबलावरून उचलला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "आसलेच काढ. मराठीत. बायकांच्या मापाचे."

"आणि एलिनोरच्या जागी काय टाकू?"

ती थांबली. आमच्या घरात सून नवऱ्याचं नाव घेत नाही. घ्यायचं तर उखाण्यात, तेही सणाला, कुणी अडवलं तर. एरवी 'हे'. घरात कुणाला आठवत नव्हतं की तिनं ते नाव साधं, कोरडं, कधी उच्चारलंय.

"तुझ्या भावाचं टाक," ती म्हणाली.

मी टाकलं. मधोमध टाकलं, काठापासून चांगलं लांब.

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात होती. मंचावर खुर्च्या, मधल्या खुर्चीत दादा, शेजारी ग्रामसेवक, पहिल्या रांगेत फेटा बांधून आबा. वहिनीसाठी बाजूला प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. दादानं माईक हातात घेतला, कमानीवर किती सिंह बसवायचे त्यावर बोलायला लागला. सिंहांबद्दल तो फार मनापासून बोलला. आपल्या तालुक्यात सिंह नाहीत, जे आहे ते वेगळं आहे, हे कुणी म्हणालं नाही.

मालनबाई उठल्या आणि त्यांनी पदर खांद्यावर सरकवला. छातीवर बिल्ला होता. मग त्यांच्या शेजारची उठली, तिनं सरकवला. मग मागच्या. दूध घालणाऱ्या सगळ्याच होत्या, दोन्ही पॅनलच्या. दादा सिंहांच्या आयाळीपर्यंत आला होता तेव्हा त्याला दिसलं की समोर बायकांची अर्धी सभा उभी आहे आणि प्रत्येकीच्या छातीवर एकच वाक्य आहे.

'आम्हाला विश्वजीत पण नको.'

त्यानं ते वाचलं. ओठ हलवून वाचलं. आबांनी मागं वळून बघितलं आणि लगेच पुढं वळले, कारण बिल्ला बायकांच्या छातीवर होता आणि तो वाचत बसणं शोभलं नसतं.

दादानं मला शोधलं. मी खांबाला टेकून उभी होते. माईक अजून त्याच्या तोंडाजवळच होता.

"मोने, हे तू केलंस?"

"ऑर्डर आली होती."

"कुनाची?"

"सरपंचांची."

तो गोंधळला. खरोखर गोंधळला, मी त्याला लहानपणापासून ओळखते. "मी कवा दिली?" तो म्हणाला.

हे स्पीकरवरून अख्ख्या गावानं ऐकलं. कुणी हसलं नाही. पहिल्यांदाच मी काही गमतीचं घडवलं होतं आणि कुणी हसत नव्हतं. मला फार बरं वाटलं.

वहिनी प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठली, मधल्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. तिच्या पदराखाली बिल्ला होता की नाही ते मला आजही माहीत नाही. तिनं त्याच्या हातातून माईक घेतला.

"विश्वजीत," ती म्हणाली.

सभा थांबली. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की पुढं यमक जुळवून काहीतरी येतं, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. मालनबाईंनी सवयीनं हात टाळीसाठी जवळ आणले. आबासुद्धा वाट बघत होते. उखाणा आला असता तर कदाचित सगळं निभावून गेलं असतं. लोक हसले असते, दादा लाजला असता आणि कमान बांधून झाली असती.

उखाणा आला नाही.

"उठा," ती म्हणाली. "पयला विषय दिव्यांचा हाय."