विमान लवकर परतलं

आमच्या ह्यांना विमान उडवायचं होतं. पोटासाठी नाही हो, हौस! पोट बस चालवून भरत होतंच. चाळिशी उलटली की माणसं कुंड्यांत झाडं लावतात, आमच्याकडे थेट आकाश. भिकेचे डोहाळे म्हणतात ते हेच.

शिकण्यात साठवलेलं सगळं गेलं, तेव्हा मी तोंडातून ब्र काढला नाही. पण शेवटची ती उड्डाणाची परीक्षा! परीक्षकांची फी वेगळी, विमानाचं भाडं तासावर, आणि पास व्हा नाहीतर नापास, दमडी परत मिळत नाही. पहिल्या वेळी ह्यांचं काहीतरी चुकलं, परीक्षा अर्ध्यातच थांबली आणि सगळे पैसे पाण्यात. दुसऱ्या वेळेसाठी मी माझी ओव्हरलॉक मशीन विकली. माझ्या शिलाईच्या दुकानातलं निम्मं काम तिच्यावर चालायचं. ह्यांना स्पष्ट सांगितलं, "ही शेवटची. आता विकायला फक्त तुम्ही उरलात, आणि तुम्हाला गिऱ्हाईक मिळायचं नाही."

हे हसले. पण परीक्षेच्या सकाळी ह्यांचा चहा कपातच गार झाला.

परीक्षा दीड तासाची. मी धावपट्टीच्या कुंपणाशी बाकावर बसले. काजं-बटणं करायला चार शर्ट सोबत आणले होते, पण सुई दोनदा बोटात घुसली. विमान लवकर परतलं की समजायचं नापास, हे मागच्या खेपेलाच कळलं होतं.

पंचवीस मिनिटांत परत आलं.

अगं बाई, गेली मशीन! विमान थांबलं, हे आणि परीक्षक उतरले. हे खाली मान घालून. मी सरळ परीक्षकांवरच घसरले, "पंचवीस मिनिटांचे एवढे पैसे? नुसते बसून तर होतात!"

ते म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "नापास नाही केलं, ताई. पुढे ढग खाली आले होते. अशा वेळी मी काही सांगत नाही, उमेदवारानेच ठरवायचं असतं. ह्यांनी परत वळायचं ठरवलं. उरलेली परीक्षा पुन्हा कधीतरी घेऊ. विमानाचं भाडं आणि माझी अर्धी फी तेवढी पुन्हा भरावी लागेल."

एवढं बोलून ते ऑफिसात गेले.

"पुन्हा? आणायचे कुठून?" मी ह्यांच्याकडे वळले. "थोडं पुढे जाऊन बघायचं तरी! एवढ्याशा ढगाला घाबरलात?"

हे बाकावर बसले.

"गेलो होतो पुढे," हे म्हणाले. "ढग दिसले तेव्हाच वळायला हवं होतं. कळत होतं गं मला. पण म्हटलं, हिने मशीन विकली, आता कुठल्या तोंडाने परत जाऊ? म्हणून ढगांखालून खाली खाली घेत तसाच पुढे गेलो. समोर डोंगर आला. त्याच्यावरच्या झाडांच्या फांद्या दिसायला लागल्या. परीक्षकांनी विमान ताब्यात घ्यायला हात पुढे केला, तेव्हा मी भानावर आलो आणि त्यांचा हात पोचायच्या आत स्वतःच वळवलं."

मी मटकन शेजारी बसले. ह्यांना त्या डोंगरावर मीच धाडलं होतं.

"अहो," एवढंच म्हणाले. ह्यांचे गार पडलेले हात घट्ट धरले आणि तिथेच, सगळ्यांदेखत, हमसून हमसून रडले.