रंगखोलीतली रडणारी नळी

सकाळची शिफ्ट सुरू झाली तरी यंत्रांपाशी चिटपाखरू नसायचं. अख्खा कारखाना रंगखोलीच्या दाराशी टाचा उंचावून उभा! आत रंगाच्या पिचकारीला जोडलेली हवेची नळी, आणि तिला कान लावून बसलेले कानबाबा. बाबांनी बोट वर केलं की एक रंगारी खटका दाबायचा. फुस्सकन हवा सुटायची आणि तिच्याबरोबर तांबूस पाण्याचे थेंब उडायचे.

"रडला! आजही रडला!" गर्दीतून आवाज उठायचा.

"हवा म्हणजे काय? प्राण!" बाबांची गाडी सुटायची. "प्राण नळीत अडकलाय. नळीला डोळे नाहीत, म्हणून तो तोंडानं रडतो. पाणी लाल का? थेट काळजातून येतंय!"

नळी शिंकली असं सांगितलं असतं तरी लोकांनी माना डोलावल्या असत्या.

याच नळीनं वर्षानुवर्षं पत्रे रंगवणारा माणूस काही महिन्यांपूर्वी इथेच छातीत कळ येऊन कोसळला होता. तो गेला आणि नळी रडू लागली. त्याची बायको सगळ्यांच्या पुढे ओंजळ धरून उभी असायची. तो कोसळला त्या सकाळी भांडणाच्या भरात ती त्याला म्हणाली होती, "जा एकदाचा, पुन्हा तोंड दाखवू नकोस." असं कुठल्या घरात म्हणत नाहीत? पण तो खरंच परतला नाही. हे बाबांच्या कानावर गेलं आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. "तुझ्याच शब्दानं तो अडकलाय. अन्न सोड, तर सुटेल." तिनं अन्न सोडलं. दिवसाकाठी कपभर दूध, तेही कुणी हात धरून पाजलं तर.

धाकटीच्या जिवाला हाच घोर होता. धाकटी म्हणजे गेलेल्याची बहीण. याच कारखान्यात यंत्रांची देखभाल बघणारी इंजिनीअर. एक माणूस गेला होता, दुसरं डोळ्यांदेखत झिजत होतं. कुणी नसताना तिनंही एकदा त्या थेंबांखाली हात धरला होता. दादा, तू आहेस का, असं तिच्याही मनात आलं होतं. तिला लाज वाटली नाही, रडू मात्र आलं.

पाण्यामुळे रंगाला फोड येत होते. मालकानं एका हातानं बाबांना बोलावलं आणि दुसऱ्या हातानं धाकटीनं सुचवलेला ड्रायर मागवला. दोन्ही दगडांवर पाय! ड्रायर म्हणजे दाबलेल्या हवेचा फ्रिजच. धाकटीनं तो हवेच्या टाकीपुढे बसवला आणि दुरुस्तीच्या वेळी हवा परस्पर जावी म्हणून त्याला वळसा घालणारा एक पाईपही टाकला. ड्रायर सुरू झाला, जुनं पाणी उडून गेलं आणि नळी कोरडी पडली.

बाबांनी लगेच हात उंचावले. "मुक्त झाला! बाईच्या उपासानं सुटला! पण उपास मोडलास, तर पुन्हा अडकेल बरं."

त्याच दुपारी वहिनी रंगखोलीच्या दारात चक्कर येऊन पडली. ती शुद्धीवर आल्यावर धाकटीनं दुधाचा कप पुढे केला, तर तिनं ओठ मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं सगळ्यांना ड्रायरपाशी बोलावलं. "वहिनी, काळीज घट्ट कर. मी आता दादाला रडवणार आहे."

तिनं ड्रायरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले आणि वळशाच्या पाईपाचा उघडला. जेवणाची सुट्टी संपल्यावर रंगखोलीत जाऊन तिनं खटका दाबला. फुस्स! तेच तांबूस थेंब. वहिनीनं तोंडावर पदर धरला.

"उपास तर मोडलेला नाही. मग तो परत कसा अडकला, बाबा?"

बाबांनी कान खाजवला.

"कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती तापते," धाकटी म्हणाली. "पुढे पाईपात ती निवते आणि तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसं. लाल दिसतो तो पाईपाचा गंज. ते पाणी ड्रायर काढतो; आज हवा त्याला टाळून आली, म्हणून थेंब परतले. ही बघा, त्याच्याखालची भरलेली बादली मी इकडे आणलीय."

"मग तो गेल्यावरच का सुरू झालं?" बाबांनी शेवटचा डाव टाकला. गर्दीही हेच पुटपुटत होती.

धाकटी खाली वाकली. नळीला हवा पुरवणाऱ्या पाईपाच्या तळाशी एक तोटी होती. इतर पाईपांच्या तोट्या धुळीनं माखलेल्या. हिची मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. तिनं ती फिरवली आणि भळाभळा लाल पाणी आलं.

"दादा रोज कामाला लागण्याआधी ही सोडून साठलेलं पाणी काढायचा. ड्रायर बसवताना मी ही मूठ पाहिली, मग जुन्या रंगाऱ्यांना विचारलं. कुणी सांगितलेलं काम नव्हतं ते. तो गेल्यावर आपण त्याच्यासाठी हळहळलो, पण ही तोटी एकानंही उघडली नाही. मीसुद्धा नाही."

बाबांनी दाराशी काढलेली चप्पल शोधली. ती घालून ते निघाले.

"मग त्याला माझा राग नव्हता?" वहिनीनं विचारलं.

"ते मला कसं कळणार, वहिनी? पण हे पाणी त्याचा निरोप नव्हतं, एवढं नक्की."

"मग आता मी कुठे येऊ, ताई? इथे तो भेटायचा."

धाकटीनं तिचा हात धरला आणि तिला कँटीनकडे नेलं. गेलेला माणूस परत येत नाही, हे कुठलंही शास्त्र गोड करून सांगू शकत नाही. पण वाचकहो, रडायला आपले डोळे पुरे आहेत. ते काम पाईपावर सोपवलं, की कुणीतरी कान लावून बसतोच आणि जित्या माणसाचा घास काढून घेतो. थेंब दिसला तर हात जोडण्याआधी विचारा, हे पाणी आलं कुठून?

कँटीनमध्ये धाकटीनं वहिनीपुढे ताट ठेवलं. पहिला घास तिला गिळवेना. दुसरा गेला. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं.

"रोज पाणी काढायचा," ती म्हणाली. "मला कधी बोललासुद्धा नाही गं."