दुसरी तक्रार

साखर कारखान्याच्या सभासदांसाठीच्या उपचार योजनेचा नियम कुणी केला ते मला माहीत नाही, पण त्याला एकदा आमच्या दवाखान्यात बिलाच्या टेबलाशी बसवायला हवं. पेशंटला तपासलं आणि त्याच दिवशी त्याचं गळू कापलं, तर कारखाना फक्त कापण्याचे पैसे देतो. तपासणी त्यातच आली म्हणतात. म्हणून आमचे डॉक्टर आज तपासतात आणि उद्या कापतात. ‘उद्या या’ हे सांगायचं काम माझं. या उन्हाळ्यात तेच सांगून मी पार कंटाळले आहे.

छबुबाईंनाही तेच सांगितलं. कारखान्याच्या सभासद, वाडीवरून तेलगावला आमच्या दवाखान्यात चालत आल्या होत्या. उजव्या तळहातावर लिंबाएवढं गळू, मूठ मिटत नव्हती.

“उद्या कसं जमंल, बाई?” त्या म्हणाल्या. “उद्या टँकर येतो. ल्योक-सून पुन्याला कामाला गेलेत. मी न्हाई गेले तर माझं पिंप कोन भरंल? आजच कापा.”

एक वाट होती. तपासणी दुसऱ्याच तक्रारीसाठी झाली असेल तर दोन्हीचे पैसे मिळतात. पण खोटी तक्रार डॉक्टरांना खपत नाही. म्हटलं, साठीच्या बाईला एखादं खरं दुखणं असणारच.

“मावशी, आणखी काय त्रास होतो?”

“काय न्हाई. बरं हाय.”

“चक्कर? गुडघे?”

“बरं हाय.”

“झोप लागते?”

“लई.”

माझं डोकं फिरलं. सगळा तालुका कण्हतोय आणि या बाईचं मात्र सगळं बरं! “मावशी, खरं सांगा ना. तुमच्याच भल्यासाठी विचारतेय.”

त्यांनी दुखरा हात पदराखाली घेतला. “म्हैस घेऊन कारखान्याच्या चारा छावणीत गेलते. खोकती का, म्हनले. मी खरं सांगितलं. आजारी जनावर चालत न्हाई म्हनून दारातूनच परत धाडली.”

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. “इथं उलटं आहे, मावशी. तक्रार असली तरच आज काम होईल. माझा शब्द.”

त्यांनी मागं कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. चोरी कबूल करावी तशा हळू आवाजात म्हणाल्या, “तहान लागती. लई लागती. रातीतून सारखी उठते. शेजारीण बी आता कुरकुरती, म्हातारीला कावून लागतंय इतकं पानी?”

मी ‘तहान’ लिहिलं आणि त्यांना आत पाठवलं. त्या दिवसात पहिल्यांदाच मला माझं काम बरं वाटलं.

थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. “साखर भलतीच वाढलीय. मी इथं कापणार नाही. आत्ताच बीडला सरकारी दवाखान्यात पाठव, चार दिवस तरी ठेवून घेतील. तू विचारलंस म्हणून कळलं.”

डॉक्टरांचं बरोबरच होतं. बिलही बिनतक्रार पास होणार होतं, कापणंच नव्हतं, नुसती तपासणी होती. तरी चिठ्ठी देताना मला छबुबाईंकडे बघवेना. लाजच वाटली.

“मावशी, टँकरचं शेजारणीला फोन करून सांगू का?”

त्या रागावल्या नाहीत. डाव्या हातानं चिठ्ठी घेतली, कमरेला खोचली आणि उठल्या.

“तरी तुला म्हनत होते, बाई,” त्या म्हणाल्या, “बरं हाय.”