उसनं मूल

इरेनानं झोशाच्या मुठीतून लुत्सिनाच्या रुमालाचं टोक एकेक बोट उघडत सोडवलं. दहा महिन्यांच्या मुलीच्या मुठीत एवढी ताकद असते, हे तिला माहीत नव्हतं.

"आजपासून मीच जाईन रांगेत. पाय बरा आहे आता."

लुत्सिना दारातच उभी होती. रात्रपाळी करून गिरणीतून थेट वर आलेली, केसांत अजून कापसाचे तंतू. काल मोर्चात ओरडून तिचा आवाज बसला होता.

"डॉक्टरांनी सांगितलं का?"

"मला कळतं माझा पाय."

"बरं मग." लुत्सिनानं रुमाल पुन्हा डोक्याला बांधला. "टोपी घाल तिला. डाव्या कानाला वारा लागला की किरकिरते."

डावा कान! इरेनाला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते दुसऱ्या कुणी सांगावं, हे तिला बोचलं. दार लागताच झोशा त्या दाराकडे हात करून म्हणाली, "लुला."

लुत्सिनासाठीचा तो एकच शब्द तिला येत होता.

बाळंतपणानंतर इरेनाच्या पोटरीत रक्ताची गाठ झाली आणि उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. नवरा वीजकेंद्राच्या बांधकामावर, शनिवारी रात्री घरी यायचा. तेव्हा शेजारची लुत्सिना म्हणाली होती, पोर माझ्याकडे दे. तान्ह्या मुलांच्या आयांची रांग वेगळी असते, अर्ध्या तासात दोन्ही घरांचं मटण घेऊन येते. मार्चपासून तेच चाललं होतं. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून इरेना बघत राहायची: गाडी ढकलणारी लुत्सिना, गाडीवर वाकणारी लुत्सिना, कोपऱ्यावर थांबून झोशाचा मोजा वर ओढणारी लुत्सिना. विद्यापीठात इरेनानं युद्धानंतरच्या रेशनिंगवर प्रबंध लिहिला होता. कुठल्या साली कुठल्या देशात माणशी किती चरबी मिळत होती, ते तिला तोंडपाठ होतं. स्वतःची मुलगी दुसरीच्या खांद्यावर कशी झोपते, ते मात्र ती खिडकीतून शिकत होती.

तेव्हाच कधीतरी इरेना धुतलेली अंगडी घडी करत होती आणि लुत्सिनानं त्यातलं एक उचलून गालाला लावलं होतं.

"तुमचंही होईल हो," इरेना म्हणाली होती. "वय कुठं गेलंय अजून."

लुत्सिनाला अडतीस संपलं होतं. तिनं अंगडं नीट घडी करून ठेवलं आणि विचारलं, "चहा ठेवू का?"

परवा ती मोर्चासाठी झोशाला मागायला आली होती. शहरातल्या सगळ्या बायका रिकामी भांडी घेऊन प्योत्रकोव्स्का रस्त्यावर उतरणार होत्या. पुढे बाबागाड्या असल्या तर कुणी हात लावणार नाही, असं गिरणीच्या युनियनचं म्हणणं होतं. "गाडी न्या," इरेना म्हणाली होती, "पोर नको." मग लुत्सिनानं गाडीत पातेली भरून नेली. खिडकीखालून मोर्चा गेला तेव्हा इरेनाला ती गर्दीत ओळखू आली होती. गाडीवरून.

आज जुलैचा शेवटचा दिवस. या महिन्याची मटणाची रेशनकार्डं उद्या रद्दी होणार होती.

दुकानासमोरची रांग कोपरा वळून चर्चच्या भिंतीपर्यंत गेली होती. काल ओरडून सगळ्यांचे घसे बसले होते, तरी तोंडं चालूच होती.

"आत काय आहे गं?"

"आकडे आहेत. मटण टांगायचे."

"दुकानात व्हिनेगरशिवाय काही मिळतंय का? मी काल व्हिनेगरच व्हिनेगरमध्ये शिजवलं. नवरा म्हणाला, मीठ कमी आहे."

इरेना गाडी ढकलत दाराजवळच्या छोट्या रांगेकडे गेली. तिथे पोरं काखेत घेतलेल्या सहा-सात बायका होत्या. त्यांच्या पुढे रांगेची वही सांभाळणारी गेनोवेफाबाई, पायाशी स्टूल, कानामागे पेन्सिल.

गेनोवेफाबाईनं आधी गाडीकडे बघितलं, मग झोशाकडे, आणि शेवटी इरेनाकडे.

"ही कुणाची पोर?"

"माझी."

"बाई गं, मला साठ वर्षं झाली, पण डोळे शाबूत आहेत. ही लुत्सिनाची झोशा. मार्चपासून बघतेय मी तिला. पहिला दात आला तो इथे, या स्टुलावर."

रांगेत खसखस पिकली.

"मी आई आहे हिची," इरेना म्हणाली. आवाज चढला, तसा तिला तो खोटा वाटू लागला. तिनं झोशाचं कार्ड काढून पुढे धरलं. "नाव बघा. माझंच आडनाव आहे."

"हेच कार्ड लुत्सिना आणते दर वेळी. पोर उसनी, गाडी उसनी, कार्डही उसनं!"

"मागच्या आठवड्यात एकीनं भाचा आणला होता," मागून कुणीतरी म्हणालं. "चार वर्षांचा घोडा. दुपट्यात गुंडाळलेला."

"काल मोर्चात नव्हती दिसली ही."

"कशी दिसेल? ही मटण आल्यावर दिसणाऱ्यांतली."

झोशा रडायला लागली. इरेनानं तिला उचललं, खांद्यावर घेतलं, थोपटलं, दुसऱ्या खांद्यावर घेतलं. टोपी डाव्या कानावरून सरकली होती. झोशा ताठ होऊन मागे रेलत होती.

"बघा, अंगालासुद्धा लागत नाही."

"लुत्सिनाला बोलवा. ती काय मागे उभी आहे."

लुत्सिना मोठ्या रांगेत होती, भिंतीला टेकून, हातात स्वतःचं एकच कार्ड. बायकांनी हाका मारल्या तशी ती हळूहळू पुढे आली. इरेनाला वाटलं, आता एकाच वाक्याचं काम आहे. लुत्सिनानं खरं सांगितलं तर पाच महिने सगळ्यांना फसवलं म्हणून तिचं नाव वहीतून जाईल, परत कुठल्याच रांगेत लागणार नाही. आणि झोशा माझी होईल. सगळ्यांसमोर. हे आपल्याला हवं आहे, हे तिला कळलं आणि तिनं मान खाली घातली.

"सांग बाई," गेनोवेफाबाई म्हणाली. "पोर कुणाची?"

लुत्सिनानं इरेनाकडे बघितलं. झोशाकडे बघायचं टाळलं.

"तिची," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी शेजारीण. मीच उसनी आणत होते."

 मग गेनोवेफाबाईनं कपाळावर हात मारला.

"काय मेलीचं काळीज! दुसरीला वाचवायला स्वतःच्या पोटच्या पोरीला नाही म्हणते."

"तिला मटण मिळावं म्हणून, हो!"

"अहो, मी खरंच—" लुत्सिना म्हणाली.

"लुला," झोशा म्हणाली. आणि दोन्ही हात पसरून इरेनाच्या खांद्यावरून तिच्याकडे झेपावली.

सगळी रांग हसली. या वेळी मायेनं.

इरेनाच्या हातांना ते वजन सुटल्याचं उशिरा कळलं. लुत्सिनाच्या कानाखाली तोंड खुपसून झोशा गप्प झाली होती. लुत्सिनानं एका हातानं तिची टोपी डाव्या कानावर ओढली आणि दुसरा पुढे केला.

"कार्डं दे, इरेन्का," ती हळूच म्हणाली. "आज महिना संपतोय."

इरेनानं कार्डं दिली.

"तू माझ्या जागेवर उभी राहा. एक्केचाळीस नंबर. आणि भिंतीला टेक, तो पाय..."

गेनोवेफाबाईनं वहीत काहीच खोडलं नाही. वर इरेनाला म्हणाली, "आज सोडते. पण पुन्हा दुसऱ्याचं लेकरू आणू नकोस, पोरी."

भिंत उन्हानं तापली होती. इरेना एक्केचाळीसच्या जागेवर उभी राहिली. समोर दार उघडलं, लुत्सिना आत गेली. काचेतून खांद्यावरचं पांढरं टोपडं दिसत राहिलं, मग तेही दिसेना. रिकामी गाडी इरेनापाशीच होती. तिचा हात दांडीवर पुढे-मागे होत होता.

शेजारच्या बाईनं ते बघितलं. बाई पन्नाशीची, चेहरा चांगला.

"मनाला लावून घेऊ नको गं. भुकेपायी करतो आपण सगळ्याच," ती म्हणाली. "स्वतःचं नाही ना अजून?"

 इरेनानं गाडीवरचा हात काढून घेतला.

"होईल," बाई म्हणाली. "वय कुठं गेलंय तुझं."

इरेना दाराकडे वळली.

"आत काय आलंय आज," तिनं विचारलं, "कळलं का काही?"