सहीआधी वाचणारी

थोरली आणि धाकटी या दोघी जावा पुढच्या खोलीत एकाच लांब टेबलाशी बसून एकच काम करत. दूरच्या कारखान्यांत, दवाखान्यांत, शीतगृहांत लिनक्सवर चालणारे सर्व्हर असतात. ते तापले किंवा भरत आले की मालकाला निरोप धाडणारा एक प्रोग्रॅम होता. तो लिहिणारे लोक वेगळे. या दोघी त्याचं पॅकेज बांधत, म्हणजे कोणती फाइल कुठे बसेल, कशावाचून अडेल, नवी आवृत्ती आली की जुनीचं काय करायचं, हे सगळं त्या बघत. प्रोग्रॅम अबोल होता. बिघाड झाला तरच बोलायचा.

घरचा नियम असा, की एकीने बांधायचं आणि दुसरीने ओळ न् ओळ वाचून सही करायची. सहीशिवाय पॅकेज बाहेर जात नसे.

हे काम घरात आणलं थोरलीने. धाकटीला शिकवलंही तिनेच. आणि आता कुठल्या कारखान्यातून, दवाखान्यातून फोन आला की पलीकडचा विचारी, "धाकट्या वहिनी आहेत का?"

"मी चालणार नाही का?"

"चालेल की. पण त्या असल्या तर बरं."

थोरली फोन पुढे करी आणि तिच्या पोटात दुखायला लागे. धाकटीचं फोनवरचं हसणं खुपे. तिचं टायपिंगसुद्धा खुपे. "लोहार परवडला," असं ती सासूबाईंना म्हणायची.

त्यात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी कळवलं, की यापुढे पॅकेज सांभाळणारी म्हणून एकीचंच नाव राहील. धाकटीचं घालावं का? धाकटी म्हणाली, "जाऊबाईंना विचारा." तेही थोरलीला उपकार केल्यासारखं लागलं.

नवी आवृत्ती धाकटीने बांधली आणि थोरली वाचायला बसली. नवं बसण्याआधी जुना प्रोग्रॅम थांबवायची ओळ होती. पुन्हा सुरू करायची ओळ नव्हती. धाकटीने पॅकेज कोऱ्या मशीनवर लावून पाहिलं होतं, तिथे ते आपोआप सुरू होई. जिथे जुनं आहे तिथे ते झोपूनच राहणार.

"झालं का वाचून?" धाकटीने विचारलं.

"झालं," थोरली म्हणाली आणि तिने सही केली. आता फोन खणखणतील, मग बघू कोणत्या वहिनी हव्यात ते.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. झोपलेला प्रोग्रॅम तक्रार कशी करणार, हे रागाच्या भरात थोरलीला सुचलंच नव्हतं.

दुपारी जेवताना दीर म्हणाला, "नवं पॅकेज गेल्यापासून एक कुरकुर नाही. याला म्हणतात हात."

थोरली नुसता भात कालवत राहिली. आता सांगावं तर कसं, आणि न सांगावं तर त्या दवाखान्यांचं काय?

सासूबाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "पोर फार वेळ गप्प असलं की आधी जाऊन बघावं."

सगळे हसले. धाकटी हसली नाही. ताट तसंच टाकून ती उठली. थोडा वेळ पुढच्या खोलीतून टायपिंग ऐकू आलं, मग तेही थांबलं.

थोरली आत गेली तेव्हा धाकटीचा चेहरा उतरला होता. "सगळीकडे बंद पडलाय. शीतगृहाचा सर्व्हर कालपासून तापतोय, कुणाला पत्ता नाही. चूक माझीच." मग ती वळली. "जाऊबाई, ही ओळ राहिलेली तुम्हाला दिसली नाही?"

दिसली नाही म्हटलं की सुटका होती. धाकटीने विश्वासही ठेवला असता. वय झालं, नजर चुकली, असं म्हणून तिने पाणीसुद्धा आणून दिलं असतं. थोरलीला तेवढंच सोसवलं नाही.

"दिसली होती," ती म्हणाली. "मला दिसत नाही असं कधी झालंय?"

धाकटी पुन्हा स्क्रीनकडे वळली. मग तिने ती ओळ घातली, जुनं असलेल्या मशीनवर लावून पाहिलं, आणि वाचायला लॅपटॉप थोरलीच्या खुर्चीकडे न सरकवता नवऱ्याला हाक मारली. "अहो, जरा इकडे येता? हे वाचून द्या."

"मला त्यातलं काय कळतं?" दीर हात पुसत दारात आला.

"नाही कळलं तरी चालेल. दिसेल ते सांगाल तरी."

थोरलीने आपली खुर्ची थोडी मागे घेतली आणि त्याला वाट करून दिली.